आधी तार, मग रेडिओ

वाचकाचं पत्र: "माझं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून ३०० मीटरवर आहे. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे नारळी-पोफळीचं आगर आणि मागे लगेच सडा, म्हणजे कातळाचं पठार, चढतो. गेल्या महिन्यात हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना आला, व्हीयू-३ ने सुरू होणारा कॉलसाइन मिळाला. ६०-७० हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. मामेभाऊ म्हणतो, उंच खांबावर व्हीएचएफचा अँटेना चढव, थेट पुण्याशी बोलशील. बाबा म्हणतात, घरावर वीज ओढवून घेऊ नकोस. निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कितीतरी दिवस लाईटही नव्हती आणि मोबाइलही नव्हता. तशी वेळ पुन्हा आली तर माझं स्टेशन चालू राहावं, एवढंच मनात आहे. सुरुवात कुठून करू? आणि या खाऱ्या वाऱ्यात हे सगळं टिकेल का?"

कॉलसाइन मिळाल्याबद्दल मनापासून अभिनंदन. पत्र वाचून एक गोष्ट लगेच सांगावीशी वाटली: तुमच्या ६०-७० हजारांतला पहिला रुपया रेडिओवर खर्च करू नका. किनाऱ्यावरचं स्टेशन सहसा रेडिओमुळे बंद पडत नाही. ते बंद पडतं उघड्यावरच्या सांध्यांमुळे, भिजलेल्या केबलमुळे आणि कोरड्या अर्थिंगमुळे. म्हणून आधी तार, केबल, सांधे आणि अर्थ. रेडिओ त्यानंतर.

आता मामेभावाचा सल्ला. व्हीएचएफची, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासची, लहर जवळजवळ नजरेच्या रेषेत जाते. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा, की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. १० मीटरच्या खांबाला हे अंतर जेमतेम १३ किलोमीटर येतं. समोरच्याचा खांबही १० मीटरचा असेल तर दोघांचं मिळून २६. पुणे तुमच्यापासून सरळ रेषेत ११० किलोमीटरच्या आसपास आहे आणि मध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे. त्याच्याही आधी, तुमच्या परसापासून सुरू होणारा सडाच पूर्वेची वाट अडवतो. खांब १० चा १५ मीटर केलात तरी यात काही फरक पडणार नाही. हिवाळ्यात आणि पावसाळ्याआधी समुद्रावर हवेचे थर असे बसतात, की १४५ मेगाहर्ट्झचा सिग्नल कधीकधी किनाऱ्याकिनाऱ्याने शेकडो किलोमीटर जातो. ते ऐकायला फार सुंदर वाटतं, पण त्याच्या भरवशावर वादळातला निरोप पाठवता येत नाही.

पुण्याला पोचायचं तर वाट वरून आहे. ४० मीटर बँड, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. या बँडवर आडवी तार जमिनीपासून पाव तरंगलांबीपेक्षा, म्हणजे साडेदहा मीटरपेक्षा खाली ठेवली, की बहुतेक ऊर्जा सरळ आभाळाकडे जाते. दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरावरून, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित थरावरून, ती परतते आणि कारंजाच्या पाण्यासारखी चहूबाजूंनी खाली पडते. मधला डोंगर तिला आडवा येतच नाही. मुंबई, पुणे, रत्नागिरी, कोल्हापूर ही सगळी तुमच्यापासून २०० किलोमीटरच्या आत आहेत आणि दिवसा ती सगळी या कारंजाखाली येतात. रात्र चढली की आयनांबर विरळ होतं, जवळची स्टेशनं विरतात आणि लांबची ऐकू येऊ लागतात. म्हणून जवळच्यांशी बोलण्याची वेळ सकाळची आणि दुपारची ठरवा. दूरदेशीच्या गप्पांसाठी रात्र आहेच.

थोडक्यात, तुम्हाला उंच खांब लागत नाही. ९ मीटर पुरे, आणि किनाऱ्यावरच्या वाऱ्यात ही मोठीच सोय आहे.

बांधायचा अँटेना म्हणजे इन्व्हर्टेड व्ही. मध्यभागी खांब आणि त्याच्या डोक्यावरून दोन बाजूंना उतरणाऱ्या दोन तारा. अशा मधून केबल जोडलेल्या दोन सारख्या तारांना डायपोल म्हणतात. अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलची एकूण लांबी १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ साठी २०.१४ मीटर, म्हणजे एक बाजू १० मीटरच्या थोडी वर. तार घरच्या वायरिंगची घ्या, २.५ चौरस मिलिमीटरची, मल्टिस्ट्रँड, पीव्हीसी आवरणाची. उघडी तांब्याची तार खाऱ्या हवेत काही महिन्यांत हिरवी पडते. आवरणामुळे तार विजेच्या हिशेबाने दोन-तीन टक्के लांब भासते, शिवाय व्ही आकारामुळेही लांबी थोडी बदलते. त्यामुळे गणितावर विसंबून कापू नका. दोन्ही बाजू १०.४० मीटरच्या ठेवा आणि वर चढवून मोजा. नॅनोव्हीएनए नावाचं हातात मावणारं उपकरण मिळतं, ते या कामाला पुरतं. त्यावर एसडब्ल्यूआर दिसतो, म्हणजे अँटेना किती जुळला आहे त्याचं माप; १ सर्वांत चांगलं. समजा सर्वांत कमी एसडब्ल्यूआर ६.८५ मेगाहर्ट्झवर आला. मग हवी ती लांबी १०.४० गुणिले ६.८५ भागिले ७.१, म्हणजे १०.०३ मीटर. गणित ३७ सेंटिमीटर कापा म्हणतं. तुम्ही २५ सेंटिमीटरच मागे दुमडून त्याच तारेला घट्ट गुंडाळा आणि पुन्हा मोजा. दोन्ही बाजूंना सारखंच करा. कापलेली तार जोडावी लागते, दुमडलेली नुसती सोडता येते. एकदा ७.१ वर आणलं, की ७.० ते ७.२ पर्यंत एसडब्ल्यूआर दोनच्या आत राहतो. अँटेना जुळवून देणाऱ्या ट्यूनरची गरज नाही. हीच तार २१ मेगाहर्ट्झवरही चालते, कारण तो जवळजवळ तिप्पट पडतो.

जागेचा हिशेब असा: माथा ९ मीटरवर आणि खालची टोकं ३ मीटरवर ठेवली, तर प्रत्येक बाजू जमिनीवर ८ मीटर पसरते आणि माथ्याचा कोन १०० ते ११० अंशांच्या मध्ये येतो. एवढा कोन चांगला. खालची टोकं ३ मीटरच्या खाली आणू नका. प्रेषण करताना टोकांना व्होल्टेज जास्त असतं आणि आगरात माणसं, गुरं फिरतात. दिशेची चिंता नको. एवढ्या कमी उंचीवर अँटेना चहूकडे सारखाच बोलतो. जिथे १६ मीटर सरळ मोकळं सापडेल तिथे लावा.

माडाच्या शेंड्याला तार बांधायचा मोह होईल. बांधू नका. शेंडा वाऱ्यात मीटर-दीड मीटर हलतो आणि पहिल्याच झडीत तार तुटते. नाही तुटली, तर वरून सुटलेली झावळी किंवा नारळ तिला घेऊनच खाली येतो. खालच्या टोकांच्या दोऱ्या मात्र माडाच्या बुंध्याला साडेतीन-चार मीटरवर खुशाल बांधा. त्या उंचीवर खोड हलत नाही. फक्त तिथे वरून झावळ्या पडत नाहीत ना, ते पाहा, आणि तार ओल्या पानांपासून मीटरभर लांब ठेवा. दोरी हर्णै बंदरात मिळेल, पण स्वस्त प्लास्टिकची घेऊ नका. उन्हाने तिचा भुगा होतो. काळी पॉलिएस्टरची ६ मिलिमीटर जाडीची दोरी मागा.

खांबासाठी जीआय पाइप घ्या. खाली २ इंची ६ मीटर, त्यात १ मीटर आत सरकवलेला दीड इंची ४ मीटर, मिळून ९ मीटर. दोन पाइपांत चारेक मिलिमीटरची फट राहते. तिथे पत्र्याची पट्टी गुंडाळून आरपार दोन बोल्ट मारा. पायाशी दोन लोखंडी अँगल काँक्रीटमध्ये पुरून त्यांच्यामध्ये खांब बोल्टवर झुलता ठेवा, म्हणजे हवा तेव्हा आडवा घालता येईल. असा खांब ४०-४५ किलोचा होतो. उभा करायला चार माणसं लागतात, दोघांनी धाडस करू नये. साडेपाच आणि साडेआठ मीटरवरून तीन-तीन ताण, १२० अंशांवर, पायापासून निदान ६ मीटर दूर बांधा. अँटेनाच्या तारांना ताणात धरू नका. पाइप जिथे कापाल आणि भोकं पाडाल तिथे झिंकचा रंग द्या, गंज तिथूनच सुरू होतो. वरचं तोंड टोपीने बंद करा, तळाशी पाणी निघायला भोक ठेवा. माथ्याला कप्पी आणि दोरी हवीच. पावसाळ्यात मधला सांधा तपासायला खांब पाडावा लागू नये.

खांब चिऱ्याच्या भिंतीला क्लॅम्पने धरायचा विचार असेल तर एक सांगतो. चिरा म्हणजे जांभा, आणि जांभ्यात फासनर धरत नाही. आज घट्ट वाटतो, दोन पावसाळ्यांत भोक मोठं होऊन बोल्ट हातात येतो. भिंतीला धरायचंच असेल तर बोल्ट आरपार काढा आणि आतल्या बाजूला लोखंडी पट्टीवर कसा.

आणि काहीही उभं करण्याआधी महावितरणच्या तारा कुठून जातात ते पाहा. खांब कोणत्याही दिशेला पडला तरी तारांपासून लांब पडला पाहिजे. खांबाच्या दीडपट, म्हणजे १४ मीटरच्या आत लाईन असेल तर ती जागा सोडा. यात तडजोड नाही.

अँटेनापासून रेडिओपर्यंतची कोएक्स केबल २५ मीटर धरा: खांबावरून ९, तिथून पडवीपर्यंत १०-१२, बाकी वळणं. ७ मेगाहर्ट्झवर आरजी-५८ या बारीक केबलने २५ मीटरला साधारण १ डेसिबल जातो, म्हणजे ५० वॉटचे ४० पोचतात. चालेल. तीच केबल १४५ मेगाहर्ट्झला लावलीत तर ५ डेसिबल जातात आणि वर जेमतेम १६ वॉट पोचतात. तिथे जाड आरजी-२१३ घ्या, निदान ३० वॉट तरी जातील. अँटेनाच्या मध्यावर, बालून म्हणून, ४ इंची पीव्हीसी पाइपवर त्याच केबलचे १८ वेढे एकाशेजारी एक गुंडाळा. साडेसहा मीटर केबल लागते, ती २५ मीटरच्या वर धरा. यामुळे केबलची बाहेरची जाळी स्वतःच अँटेना व्हायची थांबते आणि घरातला टीव्ही व पंख्याचा रेग्युलेटर तुमचा आवाज पकडत नाहीत.

आता जिथे सगळं बिघडतं ती जागा: सांधा. इथे घाई करू नका. पीएल-२५९ कनेक्टर पाणी अडवत नाही. केबलच्या टोकाला पाणी शिरलं की तांब्याची जाळी ते वातीसारखं ओढते, मीटर-मीटर आत. फसवणूक अशी, की भिजलेल्या केबलमध्ये शक्ती वाटेतच जिरते, परत फारसं काही येत नाही, आणि मीटरवर एसडब्ल्यूआर सुधारलेला दिसतो. जूनमध्ये १.६ होता आणि ऑगस्टमध्ये काहीही न करता १.१ झाला, तर खूश होऊ नका. खाली उतरवा आणि कापून पाहा. जाळी गुलाबी तांबूस असेल तर ठीक. काळपट किंवा हिरवट असेल तर जिथपर्यंत चकचकीत तांबं दिसत नाही तिथपर्यंत केबल फेकून द्या.

सांधा करायची रीत अशी. ६० वॉटच्या खालची सोल्डरिंग इस्त्री वापरू नका. २५ वॉटची इस्त्री कनेक्टरचं पितळ तापवू शकत नाही. शिसं नुसतं वर थेंबासारखं बसतं आणि सहा महिन्यांत सुटतं. सोल्डर घरात करा, वाऱ्यात नाही. कनेक्टर पक्क्याने कसा. त्यावर आधी रबराची, स्वतःलाच चिकटणारी टेप ताणून निम्मी-निम्मी चढवत गुंडाळा, वर काळी पीव्हीसी टेप. शेवटचा थर खालून वर चढवायचा. कौलं शाकारताना पन्हळीकडून सुरुवात करून आढ्याकडे जातात, वरचं कौल खालच्यावर येतं आणि पाणी वरच्यावर निसटतं, टेपचंही तसंच. वरून खाली गुंडाळलेली टेप पाण्याला एकेक खिसा देते. टेपचं शेवटचं टोक ताणू नका, कात्रीने कापून सैल चिकटवा, नाहीतर उन्हात उलगडतं. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी भिंतीपर्यंत न येता तिथेच ठिबकेल.

नट-बोल्ट एसएस ३१६ चेच. ३०४ समुद्रापासून ३०० मीटरवर चहाच्या डागासारखे पडतात आणि नंतर अडकून बसतात. तांबं थेट जीआयला किंवा ॲल्युमिनियमला टेकवू नका, खारट ओलाव्यात जस्त खाऊन जातं. मध्ये कथिल चढवलेला लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) आणि वर ग्रीस. उघडा राहिलेला प्रत्येक सॉकेट टोपीने झाका. कुंभारीण माशी एसओ-२३९ सॉकेटच्या भोकात चिखलाचं घर करते आणि बालूनच्या डब्यात मुंग्या वसतात. डब्याला तळाशी ३ मिलिमीटरचं एकच भोक ठेवा आणि त्यावर जाळी लावा.

बाबांच्या भीतीकडे वळू. ती खोटी नाही, पण जागा वेगळी आहे. तुमच्या आगरातले माड १५-२० मीटरचे, खांब ९ मीटरचा. खांब वीज ओढवून आणणार नाही. धोका आहे तो तारेच्या वाटेचा. जवळच्या माडावर वीज पडली तरी आगरभर पसरलेली २० मीटर तार आणि केबल तो झटका थेट टेबलावर आणून ठेवतात. म्हणून ती वाट घराबाहेरच तोडायची.

पडवीच्या बाहेरच्या भिंतीवर तांब्याची किंवा जाड ॲल्युमिनियमची एक पाटी बसवा, ३० सेंटिमीटर लांब. तिच्यावर केबलचे आरपार सॉकेट आणि एक कोएक्स अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका अर्थकडे वळवणारा भाग. पाटीपासून १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, शक्य तितकी सरळ, वळणं न घेता, अर्थच्या रॉडला. डायपोलला बोलण्यासाठी अर्थ लागत नाही; हा अर्थ फक्त विजेसाठी आणि शॉकसाठी. जांभ्यात रॉड ठोकून जात नाही आणि गेला तरी उन्हाळ्यात कातळ इतका सुकतो की तो रॉड असून नसल्यासारखा. त्यासाठी न्हाणीचं पाणी जिथे केळीत सोडलेलं असतं ती जागा पाहा. तिथली माती बारा महिने ओली असते. दोन मीटर खड्डा खणा, तांबं चढवलेला रॉड उभा ठेवा, भोवती शेतातली चिकण माती किंवा बेंटोनाइट भरा. मीठ घालायची सवय अनेक वायरमनना असते. मीठ दोन पावसाळ्यांत वाहून जातं आणि जाताना लोखंड खाऊन जातं. हा नवा अर्थ आणि घराच्या मीटरचा अर्थ जाड तारेने एकमेकांना जोडलेच पाहिजेत. दोन अर्थ वेगळे राहिले तर विजेच्या वेळी दोघांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो तुमच्या रेडिओतून वाट काढतो. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या आणि अर्थ टेस्टरने मोजायला सांगा. १० ओहमच्या आत आलं तर जांभ्यात ते चांगलंच म्हणायचं.

अरेस्टरवर विसंबू नका, थेट पडलेली वीज तो अडवत नाही. खरा उपाय हाताने करायचा आहे. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस स्थिरावेपर्यंत आणि पुन्हा सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत, रोज बोलणं संपलं की बाहेरच्या पाटीवरून केबल सोडा आणि तिथेच अर्थ केलेल्या रिकाम्या सॉकेटवर लावून ठेवा. रेडिओचा प्लगही काढा. सोडलेलं टोक खिडकीतून आत आणून ठेवू नका. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप फोनवर ठेवा, ते आसपासच्या विजेची सूचना देतं. गडगडाट ऐकू आल्यावर मात्र केबलला हात लावायचा नाही. तेव्हा उशीर झालेला असतो. रेडिओ जळाला तर जळू द्या. हे बाबांना एकदा पाटीपाशी उभं राहून दाखवा.

आता रेडिओ. तुमच्या परवान्याची मर्यादा ५० वॉट आहे, त्यामुळे १०० वॉटचा सेट घेतलात तर शक्ती कमी करून ठेवावी लागेल. सुरुवातीला हैदराबादचे अशर फरहान यांनी आराखडा खुला केलेला बिटएक्स, किंवा त्याचा पुढचा मायक्रोबिटएक्स, हा उत्तम मार्ग आहे. ४० मीटरवर १० वॉटच्या आसपास देतो, वीज थोडी खातो आणि बिघडला तर उघडून समजून घेता येतो. १० आणि ५० वॉटमध्ये ऐकणाऱ्याला फरक ७ डेसिबलचा, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरवर एका खुणेहून थोडा जास्त. यापेक्षा कितीतरी मोठा फरक तुमच्या घरातला खरखराट काढल्याने पडतो.

ते असं करून पाहा. रेडिओ बॅटरीवर चालवा, ७.१ वर रिकामी जागा शोधा, एस-मीटर लिहून ठेवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. एस-८ वरून एस-३ वर आला तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चालू करत त्याला पकडा: स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सोलरचा कंट्रोलर. सापडलेल्या वायरीवर मिक्स ३१ प्रकारची फेराइट रिंग घेऊन सहा-आठ वेढे घाला. एका वेढ्याने ४० मीटरवर काही होत नाही. मेन बंद करूनही खरखर तशीच राहिली आणि ती मार्च-एप्रिलच्या दमट रात्री वाढते, पहिल्या जोरदार पावसानंतर गायब होते, असं दिसलं, तर ती विजेच्या लाईनच्या इन्सुलेटरवर बसलेल्या खाराची आहे. खांबाचा नंबर लिहून महावितरणकडे कळवा. स्वतः खांबापाशी काही करू नका.

पावसाळ्यात रेडिओ झाकून ठेवण्यापेक्षा रोज अर्धा तास लावा, त्याच्याच उबेने आतली ओल निघते. महिनाभर गावाला जाणार असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा.

व्हीएचएफ अगदीच सोडू नका. वादळानंतर गावातल्या गावात, हर्णै-आंजर्ल्यापर्यंत, तोच कामाचा. सॉकेटवर ४९ सेंटिमीटरची एक उभी काडी आणि खाली ४५ अंशांत उतरणाऱ्या ५१ सेंटिमीटरच्या चार काड्या, एवढा अँटेना घरी तासाभरात होतो. तो माळ्यावर ठेवू नका, भिजलेली कौलं १४५ ला जड जातात. आढ्याच्या वर काढा. आणि हँडहेल्ड घेऊन सड्यावर चढलात तर महाबळेश्वरचं पठार, ६० किलोमीटरवर असूनही, साधारण १३७० मीटर उंचीमुळे तुमच्या क्षितिजाच्या आत येतं. तिथे कोणी हॅम असेल तर हातातल्या ५ वॉटवर बोलणं होऊ शकतं.

तुमच्या मनातली मूळ गोष्ट, वादळातलं स्टेशन. ३ जून २०२० ला निसर्ग आलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर गेलं. दोन्ही वेळा आधी सूचना होती. त्यामुळे तयारीला वेळ मिळतो. वीज हवी बॅटरीची. ४० अँपिअर-तासांची लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी घ्या. ५० वॉटच्या सेटला ऐकताना १ अँपिअर आणि बोलताना सरासरी ७ अँपिअर लागतात असं धरा. तासातली १२ मिनिटं बोलणं आणि ४८ मिनिटं ऐकणं, तर तासाला सव्वादोन अँपिअर-तास खर्च. ८० टक्के बॅटरी वापरली तरी १४ तास निघतात. मायक्रोबिटएक्सवर याच्या दुपटीने तरी. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी चालेल, पण जुनी असेल तर बोलताना ११.५ व्होल्टवर बसते आणि आवाज फाटतो.

वायर जाड हवी. बॅटरी ते रेडिओ ३ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ६ मीटर, १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत २० अँपिअरला १.४ व्होल्ट वाटेतच जातात, ६ च्या वायरीत फक्त ०.३. फ्यूज बॅटरीच्या टोकाशी लावा, रेडिओशी नाही. मधली वायर घासून शॉर्ट झाली तर आग तिथे लागते. १०० वॉटचं सोलर पॅनेल घ्या, मात्र वादळानंतरच्या ढगाळ दिवसांत ते नाममात्रच देतं. ऐकताना पॅनेलचा कंट्रोलर जोडणीतून काढून ठेवा, त्याची खरखर येते.

वादळाची सूचना आली की खांब आडवा घाला, केबल गुंडाळा, रेडिओ आणि बॅटरी माजघरात न्या. वाऱ्यात अँटेना उभा ठेवून काही मिळत नाही, गमावायला मात्र सगळं आहे. वादळानंतरसाठी दुसरा डायपोल आजच तयार ठेवा: १०-१० मीटरच्या मोजून ट्यून केलेल्या दोन तारा, मध्यावर सांधलेली १५ मीटर आरजी-५८, दोऱ्या, टेप, पक्कड, एवढं सगळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बंद करून. वादळ गेल्यावर माड आडवे पडलेले असतील, खांब वाकलेला असेल, तरी हा डायपोल दोन बांबूंवर ४ मीटरवर टाकला तरी चालतो. थोडी शक्ती जमिनीत जाते, पण पुणं-कोल्हापूर ऐकू येतात.

आणि पलीकडे ऐकणारा कोणी हवा. पुण्यातला किंवा कोल्हापूरचा एखादा हॅम आत्तापासून ठरवून घ्या. रोज सकाळी ठरलेली वेळ, एक ठरलेली वारंवारता आणि तिच्या १० किलोहर्ट्झवर दुसरी पर्यायी. ४० मीटर बँडवर बोलायची पद्धत एलएसबी, म्हणजे लोअर साइडबँड. महिन्यातून एकदा घराचा मेन बंद करून, डब्यातला डायपोल काढून, बॅटरीवर त्याच्याशी बोला. किती मिनिटांत हवेवर आलात ते लॉगमध्ये लिहा. पहिल्या वेळी तास लागेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी २० मिनिटांवर आलात की मेपर्यंत तुमची तयारी झालेली असेल. पहिली चाचणी याच महिन्यात घ्या, आणि काय अडलं ते आम्हाला जरूर कळवा.